क्लचमध्ये टाकलेली राळ

१९३३ साल, मी चोवीस वर्षांचा. शाळा दुसरीतच सुटली होती, पण मोटारीला काय दुखतंय ते मला नुसत्या आवाजावरून कळायचं. ही फुशारकी वाटली तर वाटू द्या. खरं ते खरं.

सोलापुरात तेव्हा मोटारी थोड्या आणि त्या दुरुस्त करणारे त्याहून थोडे. गॅरेज माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं, म्हणजे दाजींचं. दाजी आधी कापडाच्या मिलमध्ये होते. यंत्रं फिरवणारे लांबलचक चामडी पट्टे जोडायचे, घसरले तर ठीक करायचे, हे त्यांचं काम. गॅरेज त्यांचं असलं तरी इंजनाच्या पोटात हात माझा असायचा. ते चारचौघांत म्हणायचे, "आमचा मेव्हणा म्हंजे मोटारीचा वैद्य हाय." त्या एका बोलण्यावर मी दोन माणसांचं काम उपसायचो.

चैत्रात शहरातले एक डॉक्टर गाडी घेऊन आले. ठेंगणी, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी शर्यतीची विलायती गाडी. मुंबईच्या कुणा साहेबाकडून जुनी घेतलेली. तक्रारी दोन होत्या. चढ आला की इंजन ओरडतं पण गाडी पळत नाही, आणि आत बसलं की भट्टीत बसल्यासारखं होतं. डॉक्टरांनी बूट उलटा करून दाखवला. तळ करपून कडक झाला होता.

दाजी हसले. "सायेब, सोलापूरचं ऊन हाय. हितं घराच्या भिंतीबी तापत्यात."

मला ते पटलं नाही. म्हटलं, "उद्या पहाटं काढू गाडी. तवा ऊन नसतंय. मग बघू कोण तापतंय."

दुसऱ्या दिवशी मिलचा पहिला भोंगा व्हायच्या आत निघालो. डॉक्टरांना शेजारी बसवलं आणि मी अनवाणी चालवायला बसलो. पायाच्या तळव्याला जे कळतं ते बुटाला कळत नाही. उजव्या पायाखालची फळी थोड्याच वेळात चटका देऊ लागली. डाव्या पायाखालची, क्लचजवळची, मात्र गार होती. मग चढ लागला. इंजन ओरडलं, आणि त्यानंतर ती फळीसुद्धा तापत गेली. म्हणजे आग दोन जागी होती, आणि दोन्हींचा उन्हाशी संबंध नव्हता.

परत येऊन फळ्या उचलल्या. उजवीकडे धुराच्या नळीच्या सांध्यातलं पॅकिंग जळून गेलं होतं आणि गरम धूर फळीवर येत होता. ते काम तासाभराचं, लगेच केलं. मधली भानगड मोठी होती. त्या गाडीचा क्लच जुन्या धाटणीचा. इंजनाच्या जड चाकात एक शंकू जाऊन बसतो, त्या शंकूवर कातडं चढवलेलं असतं. कातड्यानं चाक धरलं की गाडी चालते, पायानं दांडी दाबली की सुटतं. हे कातडं तेल पिऊन घसरत होतं आणि घसरून घसरून जळलं होतं. हात फिरवला तर काचेसारखं गुळगुळीत.

मी सांगितलं, "नवं कातडं चढवावं लागंल. तीन दिवस."

"मला उद्या माढ्याला जायचंय रे, रोगी बघायला."

"रेल्वेनं जावा. ही गाडी न्हेऊ नका."

दाजी मध्ये पडले. "उद्याच्याला देऊ की सायेब. तीन दिवस कशाला लागत्यात?"

डॉक्टरांनी दाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नको. हा म्हणतो तर तीन दिवस."

थोरामोठ्या माणसानं दाजींसमोर माझा शब्द वर धरला, असं पहिल्यांदाच घडलं. माझी छाती फुगली. दाजी पानाचा देठ खुडत बसले. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मिलच्या पट्ट्याचं कातडं मला नको होतं, ते फार ताठ. अक्कलकोटच्या अलीकडे एक कानडी म्हातारा मऊ कातडं कमवायचा. मी लगेच त्याच्याकडे गेलो, रात्री तिथंच राहिलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कातडं खांद्यावर टाकून आलो. गॅरेजात गाडी नव्हती.

"गाडी कुटंय?"

"दिली की. काम झालं म्हनून सांगितलं, सकाळीच माढ्याला गेलं सायेब."

"आन् क्लच?"

"मूठभर राळ मारली. मिलमदी जल्मभर हेच केलंय. पट्टा घसरला की राळ टाकायची, झालं."

मी कातडं खाली टाकलं. "दाजी, पट्टा उघड्यावर फिरतोय. ही कोंडलेली जागा. राळ इतळंल आन् कातडं चाकाला चिकटून बसंल. दांडी दाबली तरी सुटायचं न्हाई!"

"लई शाणा झालास. पाणी पी."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर टांग्यातून उतरले. गुडघ्याला पट्टी, हातात काठी. परत येताना शहराबाहेरचं रेल्वेचं फाटक बंद होतं. त्यांनी पाय दाबला तर क्लच सुटेना, ब्रेक लावला तरी गाडी पुढं रेटत राहिली आणि कडेच्या दगडी खांबावर आदळली.

"राळ कुणी टाकली?" त्यांनी विचारलं. गाडी आदळल्यावर फळी उचलली तेव्हा क्लचवर चिकटलेली ती त्यांना दिसली होती.

दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेव्हण्यानं, सायेब. अजून शिकतोय. हौशीनं केलं पोरानं."

"मी टाकली न्हाई," मी म्हणालो. "मी हितं नव्हतोच."

"तीन दिवस म्हणालास आणि मग असला धंदा केलास?" डॉक्टर म्हणाले. "चूक तरी कबूल कर. मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता."

अक्का, माझी बहीण, गॅरेजमागच्या घराच्या दारात उभी होती. राळ तिच्याच घरातल्या डब्यातली, आणि तो डबा तिच्याशिवाय कुणी उघडत नसे, म्हणजे तिनंच काढून दिली होती. मी तिच्याकडे बघितलं. तिनं पदर सावरला आणि आत गेली. डॉक्टर माझं पुढं काही न ऐकता टांग्यात चढले.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा ती भाकरी वाढत म्हणाली, "गप ऱ्हा की रं आता. त्यांचं नाव गेलं तर गॅरेज बसंल. माझ्या लेकरांनी काय खावं? तुझं काय, तू एकटा हायस. आज न्हाई उद्या नाव होईल."

दाजी खाली मान घालून जेवत होते. मला वैद्य म्हणणारं तोंड ते. मी भाकरीला हात न लावता उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कातडं, ते ठोकायच्या तांब्याच्या रिबिटी आणि माझी हत्यारं गोणपाटात बांधली आणि चालत त्या फाटकावर गेलो. गाडी खांबाला टेकूनच उभी होती. रस्त्याच्या कडेला फळ्या काढल्या आणि शंकू बाहेर ओढला. राळ गुळासारखी चिकटलेली होती, सुरीनं खरवडायला लागलो. फाटकवाला विडी ओढत जवळ आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "काय घाण केलीय ही! कुणाचं काम हे?"

मी दाजींचं नाव सांगितलं.