घोड्याच्या घरातलं प्यादं

कुरुंदवाडचा ज्ञानू मगदूम दर रविवारी म्हशींच्या धारा काढून पहिल्या एसटीनं कोल्हापुरात आमच्या बुद्धिबळ क्लबात यायचा. वय साठीला टेकलेलं, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि आवाज असा की पलीकडच्या टेबलावरचा माणूस दचकावा. खेळ मात्र शांत डोक्याचा. बुद्धिबळ तो आजोबांकडून देशी पद्धतीनं शिकलेला. त्यात प्यादं शेवटच्या ज्या घरात पोचेल, त्या घराचं मोहरं होतं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. आताच्या नियमात कुठंही वजीर मागता येतो. डोक्याला हे पाठ होतं, पण हात जुन्या वळणाचा. क्लबात तो चुकला की आम्ही हसायचो आणि त्याला घोडा उचलून वजीर ठेवू द्यायचो. ती सवय आम्हीच लाडानं जपली.

त्याला एकच हौस होती. आंतरराष्ट्रीय मानांकनाच्या यादीत आपलं नाव यावं. "नातवाला मोबाईलवर दावायचं हाय," म्हणायचा. गेल्या मे महिन्यातल्या स्पर्धेत ते जमत आलं. शेवटची फेरी जिंकली की नाव लागणार, आणि समोर नेमका मी. निवृत्त मास्तर, त्या यादीच्या तळाशी दहा वर्षं पडून असलेला.

ज्ञानूनं मला चांगलाच घोळवला. अखेर त्याचं प्यादं घोड्याच्या घरात पोचलं. घड्याळात त्याचं जेमतेम मिनिट उरलेलं. घाईत त्यानं प्यादं काढलं, तिथं घोडा ठेवला आणि घड्याळ दाबलं. मग त्याचा चेहरा उतरला. वजीर ठेवला असता तर माझा खेळ खलास होता.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. स्पर्धेत ठेवलेलं मोहरं बदलता येत नाही. पण मला हात पुढं करून हार मानता आली असती, कुणी अडवलं नसतं. मी खेळत राहिलो आणि बारा चालींत जिंकलो. मला त्या गुणाचा काही उपयोग नव्हता. मला फक्त हरायचं नव्हतं.

"चूक माझीच की, गुरुजी," म्हणत त्यानं मला चहा पाजला. त्यानंतर तो क्लबात आला नाही.

दिवाळीनंतर न राहवून मी कुरुंदवाडला गेलो. गोठ्याजवळ बसून म्हणालो, "ज्ञानू, त्या दिवशी मी डाव सोडायला पाहिजे होता." वाटलं होतं, तो "ऱ्हाऊ द्या की" म्हणेल आणि मी मोकळा होऊन परत जाईन.

"व्हय," ज्ञानू म्हणाला, "सोडायला पायजे हुता." आणि वैरण टाकायला उठला.