डोळे मिटल्यावरच्या रेघा

दवाखान्यात त्यांना सगळे डोक्याच्या बाई म्हणत. पेशंटच्या केसांत भांग पाडून, मलम लावून तारांच्या चकत्या चिकटवायच्या आणि मेंदूतले विजेचे बारीक चढउतार यंत्रावर उतरवून घ्यायचे, हे त्यांचं काम. नोकरीला लागल्या तेव्हा यंत्राची पेनं कागदावर सरसर चालायची. नवरा लवकर गेला. मुलगी शाळा सुटली की थेट त्यांच्याकडे यायची आणि वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर अभ्यास करायची. पुढे तीच मेंदूच्या संकेतांवर संशोधन करायला परदेशी गेली. लोक कौतुकानं म्हणत, आईवर गेली. बाई हसून म्हणत, आईवर गेली आणि आईपासून लांब गेली.

बाई निवृत्त झाल्या आणि घर खायला उठलं. रविवारी दुपारी लेकीचा फोन यायचा. जेवलीस का, थंडी आहे का, गुडघा काय म्हणतो, एवढ्यात बोलणं आटपायचं. लेकीचं सगळं नेहमीच मस्त चाललेलं असायचं. फोन ठेवल्यावर बाईंना वाटायचं, आपण हिला काही विचारलंच नाही.

अशाच एका रविवारी लेकीनं त्यांना एक काम दिलं. ती एक नोटबुक तयार करत होती. वहीसारखं नाही, संगणकावर उघडणारं. एका चौकटीत सूचना लिहायच्या, ती चौकट चालवली की खाली मेंदूच्या रेघा उमटणार, आणि खालची पट्टी सरकवली की काळ पुढेमागे होणार. दवाखान्यातल्या माणसांना ते वापरता यावं म्हणून तिला आईची नजर हवी होती. रेघा कुणाच्या, असं बाईंनी विचारलं, तर म्हणाली, आमच्यातल्याच एकाच्या.

बाईंनी पहिल्या दिवशी मधलीच चौकट चालवली आणि पडदाभर लाल अक्षरं आली. वरून खाली, एकेक करत जायचं, हे लेकीनं तीनदा समजावलं. मग बाईंची गाडी रुळावर आली आणि तक्रारी सुरू झाल्या. एवढे रंग कशाला, दोऱ्यांचं दुकान मांडलंयस का? सगळ्या रेघा काळ्या कर. कागदाच्या एका पानावर दहा सेकंद मावायचे, तेवढेच इथे दिसू देत. लेक तिकडे बदल करायची, बाई इकडे पान पुन्हा उघडायच्या. फोन तासतासभर चालू लागले.

एका दुपारी त्या रेकॉर्डिंग पहिल्यापासून निवांत बघत बसल्या. कधी काय सांगितलं, कधी हाक मारली, याच्या नोंदी रेघांखाली होत्या. डोळे मिटायला सांगितल्यावर डोक्याच्या मागच्या रेघांत एकसारख्या लाटा यायला हव्यात, तशा आल्या. पण लगेच विरून गेल्या. कपाळाकडच्या रेघा संथ डुलू लागल्या. मिटल्या पापण्यांआड बुबुळं फिरत होती. माणूस बसल्या जागी पेंगत होता. पुन्हा डोळे मिटायला सांगितलं, पुन्हा तेच. आणि जाग आली की दर वेळी कानशिलांकडच्या रेघा दाट होऊन काळ्याकुट्ट दिसत. दात घट्ट आवळल्यावर होतात तशा. लेक लहानपणापासून मनावर ताण आला की दात आवळायची, झोपेतसुद्धा.

बाईंनी रविवारची वाट पाहिली नाही.

"या रेघा तुझ्याच ना?"

लेक म्हणाली, "त्या दिवशी बसायला कुणी मिळेना. आई, तो नुसता डेटा आहे."

"असू दे. तू झोपत नाहीस."

"झोपते गं."

"बाळा, मी आयुष्यभर हेच बघत आले."

मग लेक रडली. कामाचा रेटा, सोबत राहणारी मैत्रीण निघून गेल्यावर अंगावर येणारी खोली, अंथरुणावर पडल्यावर टक्क उघडे राहणारे डोळे, सगळं सांगत सुटली. बाई हूं हूं करत ऐकत राहिल्या. त्यांच्या मनात एकच येत होतं: जन्मभर परक्यांच्या डोक्यावरून हात फिरला आणि हेच एक डोकं हाताला लागत नाही.

त्या वर्षी लेक येणार होती. काम लांबलं, आली नाही. पुढचंही अजून नक्की नाही. पण आता ती फोनवर मस्त म्हणत नाही. झोप लागली तर लागली सांगते, नाही तर नाही सांगते, आणि बाई लगेच सल्ला द्यायला जात नाहीत.

नोटबुक केव्हाच पूर्ण झालं. तरी एखाद्या दुपारी बाई ते उघडतात. वरून खाली एकेक चौकट चालवतात आणि पट्टी हलक्या हातानं सरकवत लेकीला डुलकी लागते तिथे आणतात. दोन पानांपुढे कुणीतरी तिला हाक मारतं आणि ती दचकून जागी होते. तिथवर त्या जात नाहीत. पट्टी तशीच ठेवतात आणि शेजारी बसून राहतात.