पोरगी कोचात लागली

शाळा म्या तिसरीपर्यंतच केली, पण एकदा कानावर पडलेलं मी विसरत न्हाय. धाकट्या पोरीचा धाराशिवहून फोन आला, "आबा, मी कोच झाले! इथल्या कॉलेजात!" मला 'कोच' तेवढं ऐकू आलं. पुढचं ऐकायला थांबतंय कोण? लातूरकडं रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आल्यापासून आमच्या तेर गावात कोच म्हणजे रेल्वेचा डबा, दुसरं काही न्हाय. तसाच स्टँडवरच्या हॉटेलात गेलो आणि बसलेल्या सगळ्यांना चहा सांगितला. "पोरगी कोचात लागली!"

रविवारी पोरगी आली ती गळ्यात शिट्टी घालून. नोकरी कॉलेजातल्या पोरींना बास्केटबॉल शिकवायची. ती बी वर्षाच्या बोलीवर, आणि पगार न्हाय, मानधन.

एसटीतून रिटायर झालेला एक कंडक्टर माझा लंगोटीयार. त्याला आयतंच सापडलं. मी तरुणपणी कुस्ती खेळायचो म्हणून तो मला अजून पैलवान म्हणतो. लांबून दिसलो की हॉटेलातूनच वरडायचा, "काय पैलवान, पोरीनं डबं जोडलं का न्हाय?"

"जोडंल की. तुला कुठं जायची घाई हाय?"

"आन् मानधन म्हंजे रं काय? मान दिला, धन इसरले व्हय?"

"तुला जल्मभर पगार मिळाला. मान कुणी दिला?"

हॉटेल हसलं. पण ते हसू घरापर्यंत टिकायचं न्हाय. मानधन यायचं कधी मधी. त्यातून पोरगी खोलीचं भाडं भरायची, उरलेल्यात खेळणाऱ्या पोरींना केळी न्यायची. तिची आई म्हणायची, बास आता, बोलवा तिला घरी. मी हटलो न्हाय. मग एक दिवस पोरगीच म्हणाली, "आबा, औंदा कप आणला तर कायम पगारावर घेणार हायत. न्हाय आणला तर खेळच बंद, मी बी बंद."

शेवटचा सामना धाराशिवलाच होता. मी कंडक्टरला ओढतच नेलं. म्हटलं, डोळ्यानं बघ, मग बोल.

खेळ मला कळत नव्हता, पण फळ्यावरचे आकडे कळत होते. संपत आलं तरी आमच्या पोरी एका गुणानं मागं. माझ्या पोरीनं खेळ थांबवून सगळ्यांना जवळ घेतलं. बाटलीतलं पाणी बोटाला लावून सिमेंटवर काहीतरी रेघा ओढल्या. वरडली न्हाय, हातवारं केलं न्हाईत. समोरचा कोच नुसता नाचत होता.

खेळ सुरू झाला. समोरच्या सगळ्या पोरी आमच्या उंच पोरीला चिकटल्या. तिनं चेंडू वर धरला, टाकते असं दाखवलं आणि न बघता बाजूला दिला. तिथं आमची सगळ्यात गिड्डी पोरगी एकटी उभी.

"अगं टाक की भवाने!" हे मी न्हाय, कंडक्टर वरडला.

चेंडू कड्यावर थोडा फिरला आणि आत पडला. तेवढ्यात भोंगा वाजला.

मग पोरींनी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवले, माझ्या पोरीला पुढं घातलं आणि आगगाडी करून मैदानाला फेरी मारली. पुढं शिट्टी, मागं आरडाओरडा.

मी कंडक्टरला कोपरानं ढोसलं. "बघ, डबं जोडलं का न्हाय?"

तो बाकावर उभा राहिला, वरची दोरी ओढल्यासारखा हात केला आणि भर मैदानात वरडला, "टिंग टिंग! जाऊ द्या!"

कॉलेजच्या संस्थेनं शब्द पाळला. आता पगार महिन्याच्या महिन्याला येतो, आणि हॉटेलातला चहा कंडक्टर सांगतो. कुणी नवा माणूस विचारतो, तुमची पोरगी काय करती? मी अजून तेच सांगतो, कोचात हाय. पहिल्या दिवशी बी म्या काय वेगळं बोललो नव्हतो.