वर्ल्ड कपची पहिली मॅच आणि आईचा गुडघा

मंडळी, कालपासून फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू झाला आणि आमच्या आष्ट्यातल्या घरात पहिल्याच मॅचला वाजलं.

आज सकाळी टीव्हीवर ती मॅच पुन्हा दाखवत होते, ती मी आणि आप्पा बघत बसलो होतो. आप्पा म्हणजे माझे वडील, फौजेतून रिटायर झालेले. त्यांच्या मते हल्लीच्या खेळाडूंत दमच नाही.

तेवढ्यात एक खेळाडू पडला आणि पाय धरून लोळायला लागला. चौघं धावत आली, पायावर फवारा मारला. पठ्ठ्या उठून पळाला.

"नाटकी हाय," आप्पा म्हणाले.

"आवं, आसू दे. त्याच्यासाठी चौघं तरी पळत आली," आई शांतपणे म्हणाली. "माझा गुडघा तीन महिनं दुखतोय. मी कण्हाय लागले की तुमी दोघं आवाज वाढवताय."

रिमोट माझ्याच हातात होता. मी मान खाली घातली.

आप्पांनी उठून टीव्ही बंद केला. "आवर, दवाखान्यात जाऊ," म्हणाले.

डॉक्टरांनी आठ दिवस विश्रांती सांगितलीय. आता आई कॉटवर पाय लांब करून बसलीय आणि आप्पांच्या भाकरीतल्या चुका काढतेय.

मॅचचा निकाल आम्ही बघितलाच नाही. तुमच्या घरी कोण जिंकलं?