दारावरची थाप

शिवणकामाच्या दुकानात कपडे उसवून, बेतून देणाऱ्या बाईंना सगळे भूतवाल्या मावशी म्हणत, कारण त्यांच्या भयकथा एका साप्ताहिकात छापून येत. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन दूर गेली, तेव्हापासून त्यांना हा नाद लागला होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मशीनवरच कागद ठेवून त्या लिहीत.

एकदा संपादकांचा फोन आला. "मावशी, या वेळी गोष्ट जमली नाही. बाई घरात एकटी आहे, दारावर थाप पडते, इथे वाचकाचा थरकाप उडायला हवा. तुमची बाई तर केस सारखे करून दार उघडायला धावते."

"मग काय करायला हवं तिनं?"

"घाबरायला हवं. पोटात गोळा यायला हवा तिच्या."

मावशी बरं म्हणाल्या आणि पुन्हा लिहायला बसल्या. गोष्टीत त्यांनी दाराला कडी घातली, दिवा घालवला, बाईला घाम फोडला. पण थाप पडली की बाई उठायचीच. आपल्या दारावर शेवटची थाप कधी पडली होती, हे मावशींना काही केल्या आठवेना.

शेवटी त्यांनी बाईला तसंच ठेवलं आणि भूत बदललं. दार उघडून बाई "या ना, बसा" म्हणते, तेव्हा भूतच दचकून मागे सरतं.

गोष्ट छापून आली. "लोक पोट धरून हसले, मावशी," संपादकांनी फोनवर सांगितलं. मावशींनी ती हसण्यासाठी लिहिली नव्हती.