दोन दातांमधली काडीबाय

समोरच्या बाईच्या बांगडीला सेफ्टी पिन लटकताना दिसली की काडीबाय आधी ती पिन काढून घ्यायची आणि मग ‘बरी आसस मां?’ म्हणून विचारायची. लग्नाच्या मांडवात, एस.टी.च्या थांब्यावर, मासळीबाजारात, कुठेही. ‘‘पिन साडयेक लावची गो, दातांका नाय,’’ एवढं बोलून पिन तिच्या पिशवीत गेलेलीसुद्धा असायची. पुरुषांच्या खिशातल्या आगपेटीकडेही तिची तशीच नजर. सिगारेटीला ती काही म्हणत नसे, असं नाही. पण जेवण झाल्यावर कुणी काडी मोडून तोंडात घातली, की तिचा आवाज चढायचा.

मालवणात दातांच्या डॉक्टरांकडे ती मदतनीस होती. तिथे टेबलावर एक काचेची बरणी होती. पेशंटांकडून काढून घेतलेली हत्यारं तीत जमा व्हायची. आगकाड्या, केरसुणीचे हीर, पिना, कंगव्याचा तुटका दात, घडी घातलेलं तिकीट, आणि एका खलाशाचा सरळ केलेला गळसुद्धा! नवा पेशंट खुर्चीत बसला, की ती बरणी त्याच्यासमोर धरून विचारायची, ‘‘ह्यातला काय घालतंस दातात?’’ म्हणूनच लोक तिला काडीबाय म्हणायचे. खरं नाव रोझालिना. जन्म तोंडवलीचा, लग्न गोव्यात. म्हापशाला एका दातांच्या दवाखान्यात तिने वीसेक वर्षं काढली, तिथेच सगळं शिकली, आणि नवरा गेल्यावर माहेरच्या घरी परत आली. ठसठशीत फुलांचा फ्रॉक, त्यावर पांढरा एप्रन, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. बांधा एवढासा, पण तिच्या समोर तोंड मिटून बसण्याची कुणाची छाती नव्हती.

मी धामापूरचा. घरच्या काजूच्या बागेत राबतो आणि एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. लग्नाची वरात असो, चर्चचं फेस्त असो की चवथीतली मिरवणूक, सुपारी कुणाचीही असली तरी वाजवणारे आम्हीच. क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दात त्याच्या तोंडावर टेकवावे लागतात. माझे नेमके तेच दोन दात हलायला लागले. वरच्या पट्टीतला सूर धरला की दात मागे सरकल्यासारखा वाटायचा आणि सूर निसटायचा. साथीदारांच्या लक्षात यायच्या आत मीच घाबरलो. दात गेले तर वाजवणं गेलं, आणि वाजवणं गेलं तर माझ्यात उरलं काय?

डॉक्टरांनी तपासलं. हिरड्यांच्या खाली कीटण साचलं होतं. ते काढायला चार खेपा लागतील, म्हणाले. ‘‘सफाई मी करीन. पण दोन दातांच्या मधल्या जागा तुम्हाला घरी रोज साफ ठेवाव्या लागतील. तीन महिन्यांनी बघू, दात ठेवायचे की काढायचे.’’ आणि त्यांनी मला काडीबायच्या हवाली केलं.

तिने बरणी पुढे केली. मी खाली मान घालून हिराकडे बोट दाखवलं.

‘‘रगत येता?’’

‘‘येता. म्हणान थंय मी ब्रशच लावणंय नाय.’’

ती कपाळाला हात लावून हसली. ‘‘अरे बाबा, घाण आसा म्हणान रगत येता, आणि रगत येता म्हणान तू घाण ठेवतंस! मगे ता थांबतला कसा?’’

मग तिने एक पेटी उघडली. मी आयुष्यात असले ब्रश पाहिले नव्हते. तारेभोवती केस बसवलेले, बाटली धुवायच्या ब्रशाची पिल्लंच जणू! लाल, निळे, पिवळे, हिरवे. प्रत्येक रंगाची जाडी वेगळी. मी पोरासारखा हात घातला आणि सगळ्यात जाड ब्रश उचलला. मला वाटलं, जाड म्हणजे जास्त साफ. तिने हातावर चापटी मारली.

‘‘चपला घेताना मोठ्या घेतंस काय? घेणस नाय मां? मगे हयसर पण माप होया. अडाकलो तर जोर करू नको, एक नंबर लहान घे. सुटो हललो तर मोठो घे. केस दातांका लागाक होये, पण ढकलूची पाळी येता नये.’’

तिने माझ्या तोंडातली एकेक फट मापली. अर्धा तास गेला असेल. पुढच्या दोन दातांत लाल बसला, दाढांमध्ये निळा, आणि एका ठिकाणी, जिथे मागे कधीतरी दाढ काढली होती त्याच्या शेजारी, पिवळा. माझ्याच तोंडात तीन मापं! खालच्या पुढच्या दातांत तर एकही ब्रश जाईना. तिथे तिने फ्लॉसचा दोरा काढला. हातभर तोडून दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. मी करवत ओढल्यासारखा मागे-पुढे ओढू लागलो.

‘‘लाकूड कापतंस काय रे? हिरडी फाटतली. दोऱ्यान दाताक मिठी मार. मगे खाली-वर. आता शेजारच्या दाताक मिठी मार. तो पण तुझोच.’’

घरी आल्यावर भिंतीला आरसा टांगला, बायकोला मोबाइलची विजेरी धरायला लावली आणि कामाला लागलो. पहिल्या दिवशी बेसिन लाल झालं. बायको म्हणाली, ‘‘ह्या दात वाचवण्याचा काम आसा की कोंबडी कापण्याचा?’’ दुसऱ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी जरा कमी. मी रोज थुंकून आधी बेसिनमध्ये पाहायचो, मग आरशात. बाराव्या दिवशी बेसिन पांढरंशुभ्र! मी पुन्हा सगळ्या फटींतून ब्रश फिरवला, खात्री केली, आणि तोंडही न पुसता गाडीला किक मारून थेट मालवण गाठलं.

‘‘बाय! आज रगत नाय! एक थेंब पण नाय!’’ दवाखान्याच्या दारातूनच मी ओरडलो. बाकावर बसलेले पेशंट दचकले.

‘‘नाचू नको,’’ ती चष्मा चढवत म्हणाली. ‘‘मागल्या दाढा दाखय.’’

मागच्या दाढांना मी टाळत होतो. तिथे हात नीट पोचत नाही, गाल आडवा येतो. तिने एकदाच आत पाहिलं आणि माझा सगळा आनंद तिथल्या तिथे उतरवला. ‘‘तू माका फसयतंस? मी इचारूक पण नाय, हिरडेनच सांगल्यान. पुढचे दात लोक बघतत म्हणान घासतंस, आणि मागचे काय शेजाऱ्याचे?’’ मग स्वतःच उठली, ब्रशाची तार बोटाने जराशी वाकवली आणि दाखवलं, की तोंड पूर्ण न उघडता अर्धंच उघडलं तर गाल सैल पडतो आणि हात आत जातो. इतकी साधी गोष्ट! मी तिथेच चार वेळा करून पाहिली. बाकावरच्या एका आजींनी उठून म्हटलं, ‘‘माका पण दाखय गो.’’ काडीबायने त्यांना दाखवलं, मग त्यांच्या सुनेला दाखवलं, आणि तेवढ्यात सुनेच्या बांगडीतली पिनही काढून घेतली.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी दात-हिरड्यांमधल्या फटींची खोली मोजली, दात दोन बोटांत धरून हलवून पाहिले. काडीबाय मागे उभी होती. एप्रनचं टोक तिने मुठीत धरलं होतं, ते मला समोरच्या आरशात दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, ‘‘बरेच घट्ट झालेत. काढायची गरज नाही.’’ मला काही बोलता येण्याआधी तीच टाळ्या वाजवायला लागली. ‘‘तुझा वाजप खंय आसा?’’ क्लॅरिनेट गाडीच्या डिकीत होतं. ‘‘मगे हाड! हयच वाजय, मेल्या!’’ मी धावत जाऊन ते आणलं. डॉक्टर हसून बाजूला झाले. दवाखान्यात, पेशंटांच्या मधोमध, मी वरच्या पट्टीतला तो सूर धरला. तो निसटला नाही. धरून ठेवला, श्वास संपेपर्यंत ठेवला. गाल सुजलेला एक माणूस एका हाताने गाल धरून दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका देत होता!

पुढे पाच-सहा वर्षं दर सहा महिन्यांनी मी तिच्याकडे जात राहिलो. मग एकदा गेलो तर ती नव्हती. डॉक्टर म्हणाले, ‘‘पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. तोंडवलीला घरीच असते.’’

मी तसाच तोंडवलीला गेलो. सुरूच्या बनामागे तिचं घर. भाची सेलिन तिची देखभाल करत होती. बाय पडवीत खुर्चीवर बसली होती, उजवा हात मांडीवर पडलेला. बोलणं जड झालं होतं, एकेक शब्द ओढून काढावा लागे. सेलिनने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘तीन महिने नुसती पेज खाता. मासो दाखयलो की तोंड फिरयता. आडकता म्हणता. काढतलो कोण, म्हणता. मी करूक गेलंय तर माका जमणा नाय, तिका दुखता.’’

मी हात धुतले, खिशातला माझा नवा ब्रश काढला आणि तिच्यासमोर बसलो. ज्या बाईने अख्ख्या मालवणाची तोंडं उघडली, तिने तोंड घट्ट मिटलं. मान हलवली. मग डावा हात माझ्यापुढे पसरला. मला कळायला क्षणभर लागलं. तिला स्वतः करायचं होतं.

ब्रश तिच्या डाव्या बोटांत टिकेना. दांडी बारीक, पकड नवी, तीनदा पडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. मी म्हटलं, ‘‘बाय, तुमका माप होया. चार दिस थांबा.’’

ते चार दिवस मी नुसता धावत होतो. मालवणात मिळेना म्हणून कुडाळला गेलो. तिथे लांब दांडीचे, मानेत वाकलेले ब्रश मिळाले, आणि बेचकीसारखी एक काडी, जिच्या दोन टोकांत फ्लॉसचा दोरा आधीच ताणलेला असतो. एका हाताने चालवता येते. दांडी तरीही बारीकच होती. क्लॅरिनेटच्या सांध्यांना लावायची बुचाची पट्टी माझ्याकडे असते, ती दांडीभोवती गुंडाळून वरून दोरा आवळला. पहिली मूठ फार जाड झाली, दुसरी निसरडी. तिसरी माझ्या स्वतःच्या डाव्या हातात बरोबर बसली, तेव्हा मी घरात ओरडलोच.

तोंडवलीला पोचलो तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती. सेलिनने आरसा धरला. बायने मूठ धरली. पहिल्यांदा ब्रश गालात गेला, दुसऱ्यांदा ओठावर. तिसऱ्यांदा टोक फटीशी आलं, थरथरलं, आणि सरळ आत गेलं. आत, बाहेर, आत, बाहेर. दहा मिनिटांत तिने वरची एक बाजू पुरी केली. मग बेचकी घेतली. घामाघूम झाली, पण मला हात लावू दिला नाही. शेवटी चूळ भरून थुंकली, आरशात वाकून पाहिलं आणि सेलिनकडे मान वळवली.

‘‘माका... बांगडो... होयो.’’

सेलिन चुलीकडे धावली. मागच्या परड्यातल्या त्या चुलीत नारळाचं सोडण पेटवून तिने दोन बांगडे भाजले. बायने डाव्या हाताने एकेक काटा वेचत अख्खा बांगडा संपवला. तासभर लागला. आम्ही दोघं जेवून उष्टे हात वाळवत तिच्याजवळ बसून राहिलो.

त्यानंतर ती दीड वर्षं होती. बुचाच्या त्या मुठी मी पाच-सहा वेळा बदलून दिल्या, कारण ब्रशाचे केस विस्कटले की ती लगेच टाकून द्यायची आणि निरोप धाडायची. शेवटच्या आजारपणात तिच्या दातांची काळजीही सेलिनच घ्यायची. तोपर्यंत बायने जड जिभेने, बोटाने दाखवून, रागावून, तिला सगळं शिकवलं होतं. मातीला गेलो तेव्हा सेलिन मला म्हणाली, ‘‘काल सकाळी मी तिचे दात साफ केलंय. तिका दुखाक नाय.’’