फाल्गुनाच्या पानावरचा सापमार गरुड

आमच्या नाशिकच्या पक्षी-छायाचित्रकार मंडळात अकरा सभासद आहेत. त्यांतले दहा जण फोटो चांगले काढतात. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर तीस वर्षं फोटोओळी तपासल्या, त्यामुळे माझ्याकडे तपासणीचं काम आहे.

मंडळ दरवर्षी पाडव्याला एक दिनदर्शिका काढतं. ती चैत्रात सुरू होते आणि फाल्गुनात संपते. यंदाचा विषय होता शिकारी पक्षी. प्रत्येक फोटोखाली तीन गोष्टी छापायच्या असं ठरलं होतं: पक्ष्याचं नाव, ठिकाण, आणि पक्षी मुक्त आहे की बंदिस्त. यातली तिसरी अट माझी होती. पिंजऱ्यातला ससाणा डोंगरातला म्हणून खपवणारे लोक या छंदात आहेत आणि त्यांना पकडणं मला आवडतं. पिंजऱ्यातल्या पक्ष्याची शेपूट जाळीला घासून झिजलेली असते, तो ज्यावर बसतो त्या फांदीला कुठेतरी खिळा असतो, आणि तो माणसाकडे कंटाळून बघतो.

बंदिस्त पक्षी काढायला आमची हरकत नव्हती. जखमी पक्ष्यांच्या एका उपचार केंद्रात मांज्यानं पंख कापलेली एक घार होती. ती पुन्हा उडणार नव्हती. मी तिच्याकडे चार सकाळी गेलो. तिथल्या सेवकानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "साहेब, तिच्या डोळ्यांत बघू नका, तिला राग येतो." मी बघितलं नाही. तिला तरीही आला. चार दिवसांत मी एकशे छत्तीस फोटो काढले आणि त्या सगळ्यांत तिची पाठ आहे. शेवटच्या दिवशी तिनं मान वळवली ती सेवकानं खिमा आणला म्हणून. तो फोटो भाद्रपदाला गेला. खाली छापलं, 'घार. बंदिस्त.' खिम्याचा उल्लेख जागेअभावी गाळला.

माघापर्यंतची अकरा पानं झाली. फाल्गुन उरला.

त्या पानासाठी डॉक्टरांनी फोटो दिला. डॉक्टर म्हणजे आमच्या मंडळाच्या चिटणीस. त्यांचा दातांचा दवाखाना आहे आणि छापखान्याशी बोलणं, कागद निवडणं, सगळं त्याच बघतात. त्यांचा फोटो शिक्र्याचा होता. नर, लालभडक डोळा, पायाखाली अर्धवट सोललेलं कबूतर. फोटो उत्तम होता, हे तेव्हाही मला कळलं होतं. पण खालच्या डाव्या कोपऱ्यात एक पुसट तिरका दोरा होता. मी तो चारशे टक्के मोठा करून पाहिला. तो जाळीचा दोरा होता.

बैठकीत मी तो सर्वांना दाखवला.

"डॉक्टर, हा पक्षी पिंजऱ्यातला आहे."

"नाही हो सर. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर बसला होता. इंदिरानगर. माझ्या घरासमोर."

"मग जाळी कसली?"

"ती माझ्या बाल्कनीची. कबुतरांसाठी सोसायटीनं लावलीय. त्या जाळीतूनच काढला मी."

"म्हणजे जाळी होती."

"होती ना. पण तिच्या आत मी होते!"

लोक हसले. मी हसलो नाही. फोटोत जाळी दिसते आहे आणि ती कोणत्या बाजूला आहे हे फोटोवरून सिद्ध होत नाही, असं मी म्हणालो. नियमानुसार शंकेचा फायदा वाचकाला. डेस्कवर आम्ही असंच करत असू. डॉक्टरांनी फोटो परत घेतला आणि विचारलं, "मग फाल्गुनाला काय छापायचं सर? कोरा कागद?"

"आठ दिवसांत देतो," मी म्हणालो. तो फोटो मी स्वतः काढणार होतो. तपासणाऱ्याचा फोटो कोण तपासणार, हे बैठकीत कोणी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी वणीच्या रस्त्याला लागलो. दिंडोरीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा आहेत. मण्यांत पाणी उतरलं होतं आणि भोरड्यांचे थवे मांडवांवरून फिरत होते. जिथे भोरड्या तिथे शिकारी पक्षी, या हिशेबानं मी गाडी बाभळीखाली लावली. दोन शेतं पलीकडे, एका बागेवर, तो दिसला.

तो हवेत उभा होता. पंख पसरलेले, तोंड वाऱ्याकडे, जागा सोडायचं नाव नाही. सामान्य माणूस इथे गोंधळला असता. जाणकाराला माहीत असतं की वाऱ्यावर असा एका जागी तरंगणारा मोठा पक्षी आपल्या भागात सहसा एकच: सापमार गरुड. साप दिसेपर्यंत तो तसाच थांबतो.

सूर्य समोर होता, ऊन तापलं होतं, हवा थरथरत होती. तरी मी साडेतीन तास थांबलो. माझ्या वहीतल्या त्या दिवसाच्या नोंदी अशा आहेत:

'१०.४० – स्थिर. ११.१० – स्थिर. ११.२५ – ओझरहून लढाऊ विमान डोक्यावरून गेलं, प्रचंड आवाज. पक्षी स्थिर. अत्यंत धीट. ११.५२ – एकदम खाली झेप, मांडवाआड. शिकार (?). ११.५४ – पुन्हा वर. पंजे रिकामे. शिकार फसली. १२.३० – स्थिर. २.१० – स्थिर.'

आजवर पक्ष्यांनी मला इतकं सहकार्य कधी केलं नव्हतं. तीनशे बारा फोटोंपैकी एकही हललेला नव्हता.

घरी आल्यावर ते मोठ्या पडद्यावर लावले. बायको चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्या बघू लागली.

"अहो, हा सगळ्या फोटोंत सारखाच दिसतोय."

"त्याला स्थैर्य म्हणतात."

"डोळे मिटतो का कधी?"

"उन्हात कळत नाही."

"पंख तरी हलवतो का?"

मी तिला सापमार गरुडाच्या तरंगण्याचं शास्त्र सांगितलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि कप घेऊन गेली.

निवडलेल्या फोटोत गरुडाच्या पोटापासून खाली एक बारीक करडी रेघ येत होती. लेन्सवर केस बसला की अशी रेघ येते. धूळ आणि केस पुसायला आमच्या नियमांत परवानगी आहे. मी ती रेघ पुसली. या कामाला चाळीस मिनिटं लागली, कारण रेघ बरीच लांब होती आणि थेट मांडवापर्यंत जात होती.

फोटो मंडळाला आवडला. डॉक्टरांनी पाठवलं, 'सर, मानलं.' पान छापखान्यात गेलं: 'सापमार गरुड. दिंडोरी तालुका. मुक्त.' दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला छपाई सुरू होणार होती.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर फाल्गुनाला तोच गरुड गेला असता. पण फोटोओळीतल्या ठिकाणाला जाग्यावरच्या एका तरी माणसाचा दुजोरा हवा, ही डेस्कवरची सवय सुटलेली नाही. 'दिंडोरी तालुका' हे फार मोघम होतं. शिवाराचं नाव हवं होतं. शिवाय बागेच्या मालकाला एक प्रत द्यावी असंही वाटलं. मी फोटो छापून घेतला आणि दुपारी निघालो. पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते.

गरुड तिथेच होता. त्याच बागेवर, तेवढ्याच उंचीवर. मला आनंद झाला. पक्षी एखाद्या जागेला इतका धरून असणं ही स्वतंत्र टिपणाची बाब होती.

मालक बांधावर होता. चाळिशीतला, डोक्याला उपरणं, हातात कात्री. मी ओळख सांगितली आणि शिवाराचं नाव विचारून घेतलं. त्याला फोटो दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला, एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा वर.

"हा काढला तुम्ही?"

"हो. साडेतीन तास लागले."

"साडेतीन? मला सांगितलं असतं तं खाली घेतला असता साहेब. जवळून काढला असता तुम्ही."

त्यानं कात्री खिशात घातली, मांडवाच्या कडेच्या बांबूकडे गेला आणि हात मागे-पुढे करत काहीतरी ओढू लागला. गरुड खाली येऊ लागला. मी खांद्यावरचा कॅमेरा सवयीनं वर केला आणि मग खाली घेतला. गरुड मांडवावरून घसरत त्याच्या हातात आला. त्यानं त्याचे पंख दुमडले, पाठीची काडी काढली आणि त्याला छत्रीसारखा काखेत घेतला.

"नायलॉनचा हाय," तो म्हणाला. "पाखरं बुजायला. वारा पडला की खाली येतो, मंग परत उडवा लागतो. रोज संध्याकाळी काढून ठेवतो, नाय तं फाटतो."

"भितात का त्याला?"

"पयले दोन दिवस लय भ्याली. आता त्याच्या सावलीला बसून खातात." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच पयले आलात एवढ्या दुरून."

मी विचारलं, बागेवरून विमानं जातात त्यांना तरी पाखरं घाबरतात का. तो म्हणाला, "त्यांना कोण घाबरतंय! मान पन वर करत नाय." ११.२५ची नोंद त्या दृष्टीनं बरोबर होती.

निघताना त्यानं विचारलं, "छापून येणार ना पण? घरी सांगतो."

गाडीत बसून मी परिस्थितीचा आढावा घेतला. फोटो उलट्या उजेडातला होता. रेघ पुसलेली होती, आणि चांगली पुसली होती. आमच्या अकरा जणांपैकी कोणालाही कळलं नव्हतं, ज्यांना दिनदर्शिका जाणार त्यांनाही कळणार नव्हतं. सत्य ठाऊक असलेला एकमेव माणूस घरोघर ते अभिमानानं सांगणार होता, पण तो दिंडोरीत. छपाईला पंधरा तास होते. फाल्गुनाच्या पानावर एक तर कापडाचा पतंग मुक्त म्हणून जाणार होता, किंवा मला डॉक्टरांना फोन करावा लागणार होता.

डेस्कवर चूक झाली की आम्ही दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, शक्य तितक्या बारीक टाइपात दुरुस्ती देत असू. फोनवर बारीक टाइपाची सोय नाही.

डॉक्टर दवाखान्यात होत्या. मागे ड्रिलचा आवाज येत होता, तो थांबला.

"डॉक्टर, फाल्गुनाचं पान थांबवा. फोटोत दोष आहे."

"कसला दोष?"

"पक्षी मुक्त नाही."

"पिंजऱ्यातला आहे?"

"नाही. बांधलेला आहे."

"कोणी बांधला? सर, हे वनखात्याला कळवायला हवं."

"कळवून उपयोग नाही. तो नायलॉनचा आहे."

पलीकडून एका पुरुषाचा तोंडात कापूस असल्यासारखा आवाज आला, "काय झालं डॉक्टर?" आणि डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही आ करून बसा काका, मी आलेच." दार लागल्याचा आवाज आला. नंतर दीड मिनिट त्या हसल्या. वेळ मी गाडीच्या घड्याळात पाहिली.

"सर, एक विचारू? नियम म्हणून विचारते. दोरा दिसला नव्हता?"

"दिसला होता."

"मग?"

"लेन्सवरचा केस समजून पुसला."

"माझा दोरा चारशे टक्के मोठा करून पाहिलात आणि स्वतःचा पुसलात?"

"हो."

"किती वेळ लागला पुसायला?"

"चाळीस मिनिटं."

पुन्हा एक मिनिट गेलं.

शिक्र्याचा फोटो मीच मागितला. त्यांच्याकडे तो तयार होता. तो छापखान्याला त्यांनी त्याच संध्याकाळी पाठवला, पण एका अटीवर: फोटोओळ त्या सांगतील तशी जाईल आणि मी तिच्यात काना-मात्राही बदलायचा नाही. मी ती फोनवर उतरवून घेतली, परत वाचून दाखवली आणि तशीच दिली. यंदाच्या फाल्गुनाच्या पानावर ती आहे: 'शिक्रा, नर. इंदिरानगर, नाशिक. पक्षी मुक्त. छायाचित्रकार बंदिस्त.'

पाडव्यानंतर मी द्राक्षबागेच्या मालकाला दिनदर्शिका द्यायला गेलो. द्राक्षं निघून गेली होती, बाग छाटलेली होती. गरुड शेडमध्ये खुंटीला उलटा टांगला होता. मालकानं बारा पानं दोनदा उलटली.

"आमचा नाय यात."

काय झालं ते मी त्याला क्रमानं सांगितलं आणि पिशवीतून दुसरा फोटो काढला. तोच, पण मोठ्या आकारात आणि मूळ प्रतीवरून केलेला. त्यात रेघ होती, पोटापासून मांडवापर्यंत. खाली मी नियमाप्रमाणे छापून घेतलं होतं: पतंग, घारीच्या आकाराचा. शिवाराचं नाव. बंदिस्त.

त्यानं तो शेडच्या दारावर चारही कोपऱ्यांना खिळे मारून लावला. मग मागे सरून, डोकं तिरपं करून बराच वेळ बघितला.

"लय भारी आलाय साहेब," तो म्हणाला. "फकस्त तेवढा दोरा काढता आला असता, तं एकदम खरा वाटला असता."